चिंधी बांधलेलं वाळूक

मी गाव सोडलं त्या सकाळी आक्का मला पोचवायला फाट्यापर्यंत आली नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ मी ही गोष्ट मनात धरून होतो. आता ती धरून ठेवावी असं काही राहिलेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पुढच्याच वर्षी आक्काचा नवरा वारला आणि ती सासरहून पत्र्याची एक पेटी घेऊन परत आली. अकरा वर्षांनी तीच पेटी माझी पुस्तकं आणि दोन शर्ट भरून वडिलांच्या डोक्यावर निघाली होती. दहावी झाली होती, कोल्हापुरातल्या कॉलेजात नाव घातलं होतं, वसतिगृहात जागा मिळाली होती. वडील पुढं गेले. मी आक्काला शोधत मागच्या दारी, परड्यात आलो.

ती उकिडवी बसून बोटानं मातीत खळगे करत होती. शेजारी ओलं फडकं, फडक्यात मोड आलेलं बी.

"आक्का, यष्टी ईल की आता."

"मग जा की. यष्टी काय माझ्यासाठी थांबणार हाय?"

"तू येत न्हाईस?"

तिनं मान वर केली नाही. "बियाला मोड आल्यात. आज मातीत गेलं न्हाई तर वाळून जाईल. तू सुट्टीला परत येशील. ह्ये गेलं की गेलं."

मग ती उठली. मी पाया पडलो. तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते. मला जवळ घेतलं नाही, तोंडावरून हात फिरवला नाही. माझा शर्ट नवा होता आणि तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, एवढी साधी गोष्ट समजायला मला पुढं बरीच वर्षं लागली. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की वाळकाचं बी माझ्यापेक्षा मोठं ठरलं. गाडीत खिडकीशी बसून मी मलकापूर येईपर्यंत रडलो.

आमची वाडी शाहूवाडी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पुढं रस्ता, मागं परडं, परड्याच्या खाली ओढा. शेती म्हणजे भाताची चार खाचरं. ती वडिलांची होती, परडं आक्काचं. कुंपणाच्या कुडाला भोपळा, ओढ्याकडं अळू, मधल्या वाफ्यात मिरची आणि भेंडी, आणि पावसाळ्यात बांबूच्या मांडवावर दोडका, कारलं, घेवडा. मांडवाचा पूर्वेकडचा कोपरा मात्र वाळकाचा. तिथं दुसरं काही चढायचं नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं: वाळूक म्हणजे काकडीच, पण बाजारातली नव्हे. हातभर लांब, अंगानं जाड, फिकट हिरवं, देठाकडून खाली पांढरट रेघा उतरलेल्या. चिरलं की वास पुढच्या सोप्यापर्यंत यायचा. आणि देठाकडची फोडसुद्धा कडू लागायची नाही. आक्काला सगळ्यात मोठा अभिमान त्याचा होता. कुणी पाहुणं आलं की ती मुद्दाम देठाकडचीच फोड पुढं करायची. "खावा की पावणं, भ्याताय कशाला?"

हे बी कुठून आलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. आईनं तिच्या माहेराहून आणलेलं होतं आणि आईच्या आईनं आणखी कुठून तरी. दर वर्षी ते पुढं न्यायचं, एवढंच काम. वेलाला पहिली फळं धरली की आक्का त्यातलं मुळाजवळचं, सरळ वाढलेलं एक निवडायची आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची. ते बियाचं. ते तोडायचं नाही. बाकीची फळं निघत राहायची, घरात खायची, शेजारी वाटायची. हे एक मांडवावर लोंबत राहायचं, पिवळं पडायचं, मग तपकिरी, मग अंगावर जाळीसारख्या भेगा यायच्या. दसऱ्याच्या सुमारास आक्का ते उतरवायची. बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून पुरचुंडी बांधायची आणि चुलीच्या वर आढ्याला टांगलेल्या मडक्यात ठेवायची. धुरानं कीड लागत नाही.

चिंधी बांधायचं काम माझं होतं. मी हडकुळा होतो, मांडवावर चढलो तरी बांबू वाकायचा नाही. आक्का खालून सांगायची, "गाठ सैल मार. देठ फुगतो त्याचा." मी उतरलो की ती एकदा वर बघायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "चिंधी दिसली की हात मागं." हे मला सांगायची गरज नव्हती, मीच तर बांधली होती. तरी सांगायची.

कोल्हापुरात आल्यावर पहिल्या श्रावणात माझ्या नावानं पिशवी आली. आमच्या बाजूच्या गाडीचा कंडक्टर आक्काच्या ओळखीचा. तो स्टँडवर उतरून सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ए, वाळकंवाला पोरगा कुठाय रं?" माझ्यासोबत वसतिगृहातले दोघं होते. झालं. त्या दिवसापासून मी 'वाळक्या' झालो. जेवणाच्या रांगेत, अभ्यासिकेत, क्रिकेटच्या मैदानावर. वाळकं मात्र सगळ्यांनी मिळून खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात "वाळक्या, पिशवी आली का?" म्हणून विचारलंही. आज वाटतं, ती थट्टा प्रेमाची होती. तेव्हा तसं वाटलं नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी आक्काला म्हणालो, "पिशवी पाठवत जाऊ नकोस. तिथं सगळं मिळतं."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर पिशवी आली नाही.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच झालं. शिकलो, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, लग्न झालं. सुनंदा शाहूपुरीतली, दुकानदाराच्या घरातली, बोलणं नीटनेटकं. माझ्या बोलण्यातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. वाळकाची काकडी झाली. उपनगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं, गॅलरीत चार कुंड्या आल्या, त्यांत शोभेची झाडं. गावी जायचो ते उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत. गणपतीत एक रात्र. पण परड्यात तेव्हा चिखल असायचा, माझ्या पायात शहरातल्या चपला असायच्या. सोप्यात बसून आरती करायची, जेवायचं, सकाळच्या गाडीनं परत. वाळकाच्या दिवसांत मी गावात असूनही परड्यात नसायचो. मांडव मी कित्येक वर्षं उन्हाळ्यातच पाहिला: नुसते बांबू, त्यावर वाळलेल्या वेलांची जाळी.

वडील गेले. खाचरं चुलत भाऊ करू लागले. आक्का एकटी राहिली, परड्यासकट. "चल तिकडं," मी म्हणायचो. "आलो असतो की," ती म्हणायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' असंच म्हणतात. सुनंदाला पहिल्यांदा त्याचं हसू आलं होतं. "आलो असतो की. पर ह्या सगळ्याला कुणाच्या गळ्यात बांधू?"

गेल्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. तिनं ते किती दिवस अंगावर काढलं कुणास ठाऊक. शेजारच्या सखूकाकूनं फोन केला, "बाबू, घिऊन जा हिला. काय खाईना झाली हाय." मी गाडी करून गेलो. आषाढ सरत आला होता. आक्का दाराला कुलूप लावून गाडीत बसली, पुन्हा उतरली, परड्यात जाऊन आली. सखूकाकूला काहीतरी सांगितलं. मी चालकाशी बोलत होतो. मला फक्त "येलाकडं बघ" एवढं ऐकू आलं. गाडी वळणावर येईपर्यंत ती मागच्या काचेतून बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. काहीतरी विसरलं का हे आठवत असल्यासारखी बघत होती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की उशीर झाला आहे. औषधं देत राहू, त्रास कमी होईल.

पहिले काही दिवस आक्का आमच्या घरात पाहुणीसारखी अवघडून होती. मग रुळली. सुनंदाची आणि तिची चांगली गट्टी जमली. सुनंदा बाजारातून काकडी आणायची, आक्का ती हातात फिरवून बघायची.

"ह्या समद्या एका मापाच्या कशा गं? कारखान्यात पाडत्यात व्हय?"

"खाऊन तर बघा, वन्सं."

"बघितलं. त्यापरीस पाणी प्यालो असतो तर बरं झालं असतं. चावायचा तरास तरी वाचला असता."

दोघी हसायच्या. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेला असायचो आणि हे हसणं ऐकून मला बरं वाटायचं. पण रोज, रोज एकदा, ती मला हाक मारायची आणि म्हणायची, "दसऱ्याच्या आत मला घराकडं सोड."

"आक्का, औषधं पुरी होऊ देत."

"माझं काम हाय तिकडं."

"कसलं काम? दार बंद आहे. भात भाऊंनी लावलंय. काम कसलं?"

"हाय की काम."

ती याहून जास्त सांगायची नाही. मी विचारायचो खरा, पण कपाटातली तिच्या तपासण्यांची फाईल शोधत विचारायचो. उत्तर ऐकायला थांबलोय असं तिला कधी वाटलं नसावं. घराची ओढ आहे, म्हाताऱ्या माणसांना असते, असं मी सुनंदाला म्हणालो.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मला गावी जावं लागलं. दवाखान्याला तिचं रेशनकार्ड हवं होतं. सखूकाकूच्या दाराला कुलूप होतं, ती लेकीकडं गेली होती. मी आक्काचं घर उघडलं, कागद शोधले, आणि परतीच्या गाडीला तासभर वेळ होता म्हणून मागचं दार उघडलं.

त्या वर्षी परडं जवळजवळ पडीकच होतं. आजारपणात तिला फार काही लावता आलं नव्हतं. गवत माजलं होतं. मांडवाची एक बाजू गव्यांनी पाडली होती; दोन वर्षांपासून गवे ओढ्यातून वर येतात. पण पूर्वेकडच्या कोपऱ्यात एक वेल उभा होता. एकच. पानं खालून वाळत आली होती. त्यावर एक वाळूक होतं, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, नुकतं पिवळसर होऊ लागलेलं. देठाला तांबडी चिंधी.

मी वर लिहिलेलं सगळं मला ठाऊक होतं. मी ते विसरलो होतो असंही नाही. मला त्या क्षणी ते आठवलं नाही, एवढंच. आठवायला ज्या जागा लागतात त्या माझ्यात उरल्या नव्हत्या. शहरात मी चिंध्या, लिंबं, मिरच्या, काळ्या बाहुल्या गाड्यांना आणि दुकानांना बांधलेल्या रोज बघतो. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल. मला हसूही आलं. आक्कानं एकुलत्या वाळकाची दृष्ट काढलीय!

मनात आलं, किती दिवस ती बाजारातल्या काकडीला नावं ठेवतेय. तिला तिच्या परड्यातलं नेऊन द्यावं. सोळाव्या वर्षी मी तिची पिशवी बंद केली होती. आज मी पिशवी घेऊन जाईन. हा विचार मला फार आवडला. मी हात वर केला. चिंधीची गाठ पावसानं घट्ट झाली होती, सोडवायला वेळ लागला. सोडवली, चिंधी मांडवाच्या बांबूवर टाकली आणि वाळूक तोडलं.

घरी आलो तेव्हा आक्का पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी पिशवीतून काढून वाळूक तिच्या मांडीवर ठेवलं.

"ओळख बघू कुठलं ते."

तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. देठाकडं पाहिलं. देठ जिथं तुटला होता तिथं अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"कुठं घावलं?"

"परड्यात. मांडवावर. एकच होतं."

"चिंधी हुती?"

"होती. सोडली."

तिनं पुन्हा देठावर अंगठा ठेवला. मला वाटलं तिला भरून आलं. मग ती म्हणाली, "बरं केलंस." सुनंदाला हाक मारली. "सुनंदा, चाकू आण गं. चिरूया. बसवून ठिवलं तर काय अंडी देणार हाय?"

सुनंदा हसली. मीही हसलो. आक्कानं स्वतः चिरलं. फोडींचा वास खोलीभर झाला. मधला गर तिनं बोटांनी बाजूला काढला, त्यातली एक बी चिमटीत धरून नखानं दाबून पाहिली. पांढरी, मऊ.

"पोचट हाय अजून," ती स्वतःशीच म्हणाली.

देठाकडची फोड तिनं मला दिली. "खा." मी खाल्ली. कडू नव्हती. चाळीस वर्षांपूर्वीची चव तशीच्या तशी होती आणि मी ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं. तिनं दोन फोडी मिठाला लावून खाल्ल्या. कित्येक दिवसांनी तिनं काहीतरी आवडीनं खाल्लं असं मी त्या संध्याकाळी फोनवर दोघातिघांना सांगितलं.

त्या दिवसानंतर "मला घराकडं सोड" असं ती एकदाही म्हणाली नाही. मला वाटलं, रुळली शेवटी. मला सुटल्यासारखं झालं.

घट बसायच्या आठ दिवस आधी ती गेली. पहाटे, झोपेत. सुनंदा जवळ होती.

दहाव्याचं गावी केलं. ओढ्यावरून परत आल्यावर मी मागच्या पायरीवर बसलो होतो. सखूकाकू परड्यातून मांडवाखालून आली. तिच्या हातात भिजून विटलेली तांबडी चिंधी होती.

"बाबू, बियाचं वाळूक कुठाय रं? लेकीकडनं आलो तर दिसंना. गव्यांनी खाल्लं म्हणावं तर चिंधी सोडलेली. गवा काय गाठ सोडतोय?"

मी तिच्या हाताकडं बघत राहिलो. तेव्हा आठवलं. एकदम, सगळं. बांबूवरचे माझे पाय, खालून येणारा आवाज, सैल गाठ. चिंधी दिसली की हात मागं.

"मी तोडलं," मी म्हणालो.

सखूकाकू खाली बसली. मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षी दसऱ्याच्या वेळी पाऊस लागून राहिला, बियाचं फळ वेलावरच कुजलं. मडक्यात जुनं थोडं उरलं होतं, त्यातलं आक्कानं या जूनमध्ये घातलं. तीन मोड आले, एक वेल जगला. "तुमच्याकडंबी असेल की थोडं," मी म्हणालो. ती म्हणाली, "आमी कशाला ठिवतोय? तुझ्या आक्काकडं हाय म्हनून आमी कुणीच ठिवलं न्हाई. समदी वाडी तिच्याकडनंच न्यायची. आता तर लोक पुडीच आणत्यात दुकानातनं." थोड्या वेळानं ती उठली आणि चिंधी माझ्या शेजारी पायरीवर ठेवून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तुम्ही फोनवर बोलत होतात. मी म्हणाले, वन्सं, आज बरं वाटलं ना? तर मला सगळं सांगितलं त्यांनी. मग म्हणाल्या," आणि सुनंदानं आक्काचं बोलणं जसंच्या तसं उच्चारलं, जिला एकेकाळी त्या 'आलो, गेलो'चं हसू आलं होतं तिनं, "त्याला सांगू नगंस. तोडलं ते तोडलं. सांगितलंस तर जनमभर वाळूक खायाचा न्हाई त्यो."

तसंच झालं. वाळूक तर नाहीच, मी काकडीही खात नाही.

मी आयुष्यभर पुस्तकं सांभाळली. कुठलं पुस्तक बाहेर द्यायचं आणि कुठलं कुणालाही द्यायचं नाही, त्यावर खुणेची चिठ्ठी चिकटवणं हे माझं काम होतं. ज्या प्रतीवर चिठ्ठी असे ती कुणी उचलली तर मी शांतपणे, पण ठामपणे परत घ्यायचो. मी कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तरी मुलं मला भ्यायची. आक्कानं तर मला नुसतं "बरं केलंस" म्हटलं.

यंदाच्या जूनमध्ये मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात गावी गेलो. आढ्याचं मडकं काढलं. राखेत हात घालून एकेक पुरचुंडी बाहेर काढली. सखूकाकू शेजारी बसून सांगत होती: ह्यो दोडका, ह्यो घेवडा, ही भेंडी. अगदी तळाशी एक लहानशी पुरचुंडी निघाली. उघडली तर आत चपटं, फिकट बी. वाळकाचं. मोजलं तर अकरा.

सखूकाकूनं एक बी उचलून उजेडात धरलं. "ह्ये कवाचं हाय कुणास ठाऊक बाबू. लई जुनं दिसतंय." पुरचुंडीचं कापड खाकी होतं. माझ्या शाळेच्या चड्डीचं असावं. नसेलही, वाडीतल्या निम्म्या पोरांच्या चड्ड्या त्याच कापडाच्या होत्या. कधीच्या तरी वर्षीचं बी तिनं बाजूला काढून ठेवलं होतं आणि ते मडक्याच्या तळाशी राहून गेलं होतं, की मुद्दाम ठेवलं होतं, हे सांगायला आता कुणी नाही.

मी ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवलं, तिची जागा होती तिथंच. तिसऱ्या दिवशी मोड यायला हवेत. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, काही नाही. चौथ्या दिवशी सुनंदाचा फोन आला, कॉलेजात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, सगळे वाट बघत होते. मी म्हणालो, "मला येता येणार नाही. बी भिजत घातलंय." बोललो आणि थांबलो. सुनंदा म्हणाली, "बरं. मी सांगते त्यांना."

ज्या माणसानं वसतिगृहाच्या खाटेवर पडून कित्येक रात्री आक्काला दोष दिला, त्याला शेवटी असं उत्तर मिळालं.

आठव्या दिवशी फडक्याला वास यायला लागला. बी तसंच होतं. तरी मी ते पूर्वेकडच्या कोपऱ्यात नेलं, बोटानं अकरा खळगे केले आणि टोकलं. वाट पाहिली. पाऊस झाला, गवत आलं, ते काढलं. वाळूक आलं नाही. मी शाहूवाडीतल्या आणखी सातआठ वाड्या फिरलो, मलकापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांकडं वाळूक होतं, कुणाचं हिरवं गर्द, कुणाचं आखूड. एकीनं हसून विचारलं, "पावणं, वाळकासाठी इतकं का फिरताय?" मी तिच्याकडचं एक घेतलं, गाडीत बरोबर आलेल्या सखूकाकूला दिलं. तिनं देठाकडची फोड चावली आणि थुंकली.

दोडका मात्र आला. घेवडा आला, भेंडी आली. मी आता शनिवारी येतो आणि मंगळवारी परत जातो. मला नीट काही येत नाही. मांडव बांधताना सखूकाकूचा नातलग येऊन हसून गेला, मग त्यानंच पुन्हा बांधून दिला. गवे एकदा येऊन गेले. भेंडी वेळेवर तोडली नाही तर निबर होते हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी निम्मी निबर झाली.

गेल्या आठवड्यात मुळाजवळचा एक दोडका निवडला. सरळ वाढलेला. मांडवावर चढणं आता शक्य नाही. पाटावर उभा राहिलो. पायरीवरून उचलून जपून ठेवलेली तीच विटलेली चिंधी त्याच्या देठाला बांधली. सखूकाकू कुडापलीकडून बघत होती.

"फास बसंल की रं. सैल मार. देठ फुगतो त्याचा."

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. सैल.

तुम्ही माझ्यासारखेच गाव सोडून गेलेले असाल, तर कधीतरी परत जाल, मागचं दार उघडाल. तिथं काहीतरी लोंबत असेल, आणि ते आपल्यासाठीच ठेवलंय असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. फक्त तोडण्याआधी कुणाला तरी विचारा, विचारायला कुणी असेल तोवर.

मंगळवारी दुपारची गाडी होती. हात मातीनं भरले होते, ओढ्यावर धुतले. निघताना कुडाशी थांबून मी सखूकाकूला म्हणालो, "येलाकडं बघा." ती म्हणाली, "व्हय, जा तू." घर म्हणजे माझ्यापाशी आता एवढंच उरलं आहे: जिथं एक फळ तोडायचं नाही हे मला ठाऊक आहे, अशी जागा. दसऱ्याच्या आत मला तिथं पोचायचं आहे. माझं काम आहे.